यासीनचा भोंगा

"दिवा लुकलुकतो अन् भोंगा दातखीळ बसल्यावानी गप. आसंच ना? मंग भोंग्याला नावं कावून ठिवतो, धर्मा? दिव्याचं पोट चिमूटभर, त्याला उलीसं करंट पुरतं. भोंग्याला पोटभर लागतं. तू त्याला उपाशी ठिवलाय."

यासीन शिडीवरून बोलत होता. खाली शिडी धरून धर्मराजची पोरगी स्वप्नाली उभी होती, नववीतली. धर्मराज ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता.

युसूफ वडगावच्या बाजारात यासीनचं दुकान. बाप खाजामियाँ उरुसात अन् लग्नात कर्णे बांधायचा. यासीनच्या हाती धंदा आला तोवर कर्ण्यांचं दिवाळं निघालं होतं, तसा तो चोरांच्या मागं लागला. दसरा सरला की वस्त्या-तांड्यांवर भोंगे बसवत हिंडायचं. उसाला जाणारं घर आधी मोठं कुलूप घ्यायचं, आता भोंगा घेतं. दाराला कळ, आत डबा अन् बटण, बाहेर भिंतीवर उंच भोंगा अन् त्याच्या डोक्यावर तांबडा लुकलुकता दिवा. दार उघडलं की वस्ती उठली पाहिजे. बायका त्याला यासीनचं कुत्रं म्हणायच्या. भाकर लागत नाही, एवढाच फरक.

धर्मराजच्या घरचं कुत्रं मात्र भुंकेना, अन् पोरीचं सगळं त्या भुंकण्यावर अडकून बसलेलं. धर्मराज अन् त्याची बायको सुनिता दरसाल ऊसतोडीला जायचे. पोरगी आजीपाशी राहून शाळा करायची. आजी भिवराबाई कानानं गेलेली. भांडं आपटलं तर वळून बघायची, तेही भांडं मोठं असलं तर. मागच्या आठवड्यात मायबाप बाजाराला गेलेले असताना भरदुपारी कुणीतरी दाराची कडी हलवत उभं राहिलं. पोरीनं आतून बटण दाबलं. दिवा लुकलुकला, भोंगा गप. कडी हलवणारा त्याच्या मर्जीनं आला तसा त्याच्या मर्जीनं गेला. त्याच सांजेला धर्मराजनं सांगून टाकलं, भोंगा वाजला तर राहा, नाहीतर फडावर चल. फडावर गेलेल्या पोरीची शाळा सुटते, अन् शाळा सुटलेल्या पोरीला लगीन लावून उजवायची घाई होते. सुनितानं ते स्वतःच्या अंगावर काढलेलं होतं. ती आत पिठाचं गठुडं बांधत होती. राहिलेल्यांना न्यायला सांजच्याला मुकादमाचा ट्रॅक्टर येणार होता.

यासीन खाली उतरला, आत जाऊन डबा उघडला. मीटर लावलं तर काटा ठीक. भोंग्याला करंट सोडून बघितलं तर काटा बसकण मारून खाली. त्यानं बॅटरी बाहेर ओढली अन् दारात घेऊन आला.

"ही म्या दिलती ती न्हाई."

धर्मराजनं धार थांबवली नाही. गेल्या साली ती फडावर नेलती, म्हणाला. "पाचटाच्या कोपीत चिमणी लावली तर कोपी पेटती, न्हाई लावली तर इच्चू दिसत न्हाई. माणसं तितं, अन् करंट हितं भिंतीला. ते कसं जमंल?" तिकडं ती बॅटरी मेली. मग घरी आल्यावर त्यानं फटफटीची जुनी बॅटरी डब्यात बसवली होती. दिवा लागतो म्हणजे झालं, असं त्याला वाटलं.

यासीनला यात नवल नव्हतं. दिवाळीनंतर तो डबे उघडायचा तेव्हा निम्म्यांच्या पोटात भलतंच काही असायचं. शहरातलं गिऱ्हाईक असतं तर चार गोष्टी सुनावल्या असत्या. इथं काय सुनावणार. विंचवानं चावलेली माणसं त्यानं पाहिली होती.

पिशवीतली नवी बॅटरी त्यानं बसवली. भोंगा घसा बसल्यासारखा घुरघुरला, बस्स. पुन्हा शिडी. झाकण काढलं तर भोंग्याच्या तोंडात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलेलं, वायरीचा जोड कुणीतरी कॅरीबॅगनं गुंडाळलेला, अन् तो आत हिरवा पडलेला. "कोन इंजिनेर हाय ह्यो?" यासीननं विचारलं. धर्मराज म्हणाला, "ह्योच." यासीननं चिखल खरवडला, तांबं उजळेपर्यंत तार घासली, जोड नव्यानं केला. स्वप्नाली खालून पक्कड, टेप वर देत होती. एवढ्या वेळात ती एकदाच बोलली.

"काका, वाजंल ना?"

"वाजंल. तुझी आजी ओट्यावर नाचंल."

यासीननं वरूनच तारा जुळवल्या अन् भोंगा वाजला. कानात खिळा ठोकावा तसा वाजला. लिंबावरचे कावळे उठले, शेळीनं दावं तोडायला बघितलं. भिवराबाई खरंच बाहेर आली अन् काय झालं, काय झालं म्हणत सुनेचा हात धरून उभी राहिली. स्वप्नाली हसली. यासीनला बरं वाटलं. बिघडलेली वस्तू हातानं बोलती झाली की त्याला अजून बरं वाटायचं. त्यानं भोंगा बंद केला.

धर्मराज मात्र कोयता टाकून रस्त्यावर गेला होता. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"अजून एकदा वाजव."

यासीननं वाजवला. धर्मराजनं हात वर धरून वाजूच दे म्हणून खुणावलं. भोंगा बोंबलत राहिला अन् धर्मराज वस्तीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. दाराला कुलूप, दाराला कुलूप. सगळी वस्ती एकाच मुकादमाची. सगळे कालच्या ट्रकनं गेले होते. डांबरी सडकेवरून एक मोटारसायकल चालली होती. तिच्यावरच्या माणसानं मान वळवून बघितलं अन् तो निघून गेला. शेवटच्या घरात अंथरुणाला खिळलेला सुंदरराव होता. त्यानं बाजेवरूनच विचारलं, कोन मेलं?

शिडीवरून यासीनला सगळ्या भिंती दिसत होत्या. भिंतीगणिक त्याचाच भोंगा. प्रत्येक घरानं शेजाऱ्याच्या भरवशावर घेतलेला, अन् शेजारी त्याच ट्रकमध्ये बसलेला. इतकी सालं बसवताना त्यानं तार बघितली, बॅटरी बघितली, पावसाचं पाणी कुठून शिरंल ते बघितलं. हे बघितलं नव्हतं.

धर्मराज परत आला. "बंद कर. लई झ्याक वाजतंय," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

यासीन उतरला. डब्यात सिमकार्ड टाकता येतं, बटण दाबलं की माझा फोन वाजंल, असं तो सांगायला लागला. धर्मराजनं ऐकून घेतलं.

"अन् तू येशील?"

यासीननं पोरीकडं बघितलं नाही. तो आज इथं, उद्या घाटनांदूरला, परवा केजला कुणाच्या गच्चीवर. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण पोरीचा बाप त्या एका शब्दावर तिला मागं ठेवून ट्रॅक्टरमध्ये चढला असता.

"दुकानात असलो तर यीन," तो म्हणाला.

"असलो तर," धर्मराज म्हणाला, अन् घरात तोंड करून सुनिताला सांगितलं की पोरीची कापडं पण बांध.

आत पेटीचं झाकण वाजलं. स्वप्नालीनं शिडीवरचे हात काढले, खाली पडलेली टेप उचलून यासीनच्या पिशवीत ठेवली अन् आत गेली. भिवराबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत काय ठरलं ते विचारत होती. तिला कुणी ओरडून सांगितलं नाही.

यासीननं भोंग्याचं झाकण नीट बसवलं, चारी इस्क्रू आवळले, जोडावर टेपचा आणखी एक वेढा दिला. शिडी आडवी करून फटफटीला बांधली. घाटनांदूरहून फोन येऊन गेला होता. पलीकडच्या वाडीवर एका घराचा भोंगा रातभर उगीच वाजतोय म्हणत होते. दाराची कळ सैल झाली असंल. त्यानं किक मारली अन् तो त्या वाटेला लागला.