वसंतराव साळवी : एक विषय मताला टाकू न देणारे अध्यक्ष

वसंतराव साळवींना मी पहिल्यांदा पाहिलं ते दुबईच्या करामा भागातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये. आमच्या मराठी मंडळाची सभा होती आणि वाद पेटला होता मोदकांवरून, उकडीचे की तळणीचे. अध्यक्ष वसंतराव म्हणाले, “हात वर करा.” मी दोन्ही वेळा हात वर केला नाही.

“कामतबाई, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?”

“खाणाऱ्यांच्या,” मी म्हटलं. ते खळखळून हसले, आणि आमचा स्नेह जुळला.

सगळं हात वर करून ठरवायचं, ही मंडळाची पद्धत त्यांनीच घातलेली. शेजारच्या शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटी मॅनेजर होते. तिथे हुकूम चालायचा, म्हणून मंडळात तरी प्रत्येकाला विचारावं, असं ते म्हणत.

२००८ साली, मंदीच्या वर्षी, त्यांचे चिरंजीव निखिल कॅलिफोर्नियात होते. तिथे पुरुषाला पुरुषाशी लग्न करायची मुभा मिळाली, आणि उन्हाळ्यात निखिल व डॅनियल यांनी लग्न केलं. नोव्हेंबरात त्याच राज्यानं हा हक्क जनतेच्या मताला टाकला आणि जनतेनं तो काढून घेतला. आपलं लग्न उरलं की गेलं, हे कोर्ट सांगेपर्यंत त्या दोघांना कळत नव्हतं. “शेजाऱ्यांनी मतपेटीत चिठ्ठी टाकून माझ्या पोराचं लग्न मोडायला काढलं,” वसंतराव मला म्हणाले होते. नंतर कोर्टानं, आधी लागलेली लग्नं कायम राहतील, असं सांगितलं. तोवर वसंतरावांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, किती उपास केले, ते विचारू नका.

त्याच हिवाळ्यात इथे माणसं टपाटप नोकऱ्या गमावत होती. आमच्या मंडळाचे साठेही त्यांतलेच. घर सोडावं लागलं, आणि मुलाची, ओंकारची, दहावी तोंडावर आलेली. वसंतराव त्यांना म्हणाले, “तुम्ही दोघं भारतात निघा. परीक्षा होईपर्यंत ओंकार आमच्याकडे. निखिलची खोली रिकामीच आहे.” मुलगा निखिलच्या पलंगावर झोपला, निखिलच्या टेबलावर अभ्यास करून उत्तम पास झाला. साठे पुढे मोठ्या पगारावर परत आले.

आणि परत आल्यावर त्यांनी काय केलं? मंडळाच्या वार्षिक सभेत उठून विषय मांडला, की अध्यक्षांच्या घरात ‘असं’ लग्न झालं आहे, आपल्या मुलांवर काय संस्कार होणार? मंडळाला हे मान्य आहे का? “पद्धत तुमचीच आहे, वसंतराव. हात वर करू या. खलास!”

वसंतराव शांतपणे म्हणाले, “मोदक सगळ्यांनी खायचे असतात म्हणून सगळ्यांना विचारतो. निखिलच्या संसारात तुमच्यापैकी कोण राहायला जाणार आहे?”

मला राहवलं नाही. “साठे, तुमचा ओंकार कुणाच्या गादीवर झोपून...”

“कामतबाई,” वसंतरावांनी मला तिथेच अडवलं. “मुलाचं नाव यात नको.” मी गप्प बसले. शाळेत शिकवताना मला वर्गातली पोरंसुद्धा गप्प करू शकली नव्हती!

मग ते म्हणाले, “अध्यक्षपद तुम्ही दिलंत, ते काढून घ्या. त्यावर मत घेतो. लग्नावर घेणार नाही.” त्यांनी स्वतः विचारलं आणि हात वर झाले. ज्यांच्या घरी बाळंतपणाला वहिनींनी डबे पोहोचवले होते, त्यांचेही झाले. वसंतरावांनी निकाल सांगितला, “मंजूर,” आणि खुर्ची सोडून मागच्या रांगेत जाऊन बसले.

आज याच मंडळानं त्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ काढला आहे. गौरव समितीचे प्रमुख साठे. त्यांचा मला फोन आला, “टीचर, तो विषय नको हं. पॉझिटिव्ह लिहा.” लिहिलं आहे. वसंतरावांबद्दल यापेक्षा पॉझिटिव्ह मला काही ठाऊक नाही.

समितीनं सत्काराला निखिलना बोलावलं, पण एकट्यानं यावं, असं कळवलं. कारण म्हणून इथला, अशा संबंधांना बंदी घालणारा, कायदा पुढे केला. पहिल्या रांगेत बसून सासऱ्यांचा सत्कार पाहणं कोणत्या कायद्यात बसत नाही, हे मी विचारलं. उत्तर दिलं ते वसंतरावांनी, “दोघं येणार नसतील तर मीही येत नाही.” वाढदिवसाला ते आणि वहिनी कॅलिफोर्नियात असतील, मुला-जावयाच्या घरी.

आता समिती म्हणते, व्यासपीठावर त्यांचा मोठा फोटो ठेवू. ठेवा. फक्त फोटोला हार घालू नका. माणूस जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि त्या वेळी डॅनियलनं रांधलेलं जेवत असेल. वसंतराव, गुडघे सांभाळा, साखर आटोक्यात ठेवा, आणि त्या घरात भरपूर वर्षं पोटभर जेवा. इथल्या खुर्चीची काळजी करू नका. तिच्यावर बसायला साठे आहेत.