दोन तासांचा बोर्ड

बायांनो, मंडळाच्या वहीत आजचंच लिहून ठेवते. माझ्या आटाचक्कीचा विजेचा मेन बोर्ड बदलायचा होता. मिस्त्री म्हणाला, "काकू, दोन तासांचं काम." त्या भरवशावर मी शेजारच्या विमलले सांगितलं, तुह्या पोरीच्या लग्नाचे गहू दुपारी दळून देते.

मिस्त्रीनं लाइन बंद करून जुना बोर्ड काढला, भिंत फोडली, नव्या बोर्डाचे स्क्रू धरायले लाकडी गुट्ट्या सिमेंटात बसवल्या अन् पिशवी उचलली.

"काहून गा, निघाला कुठं?"

"सिमेंट वाळलं की उद्या बोर्ड ठोकतो. माझं काम दोनच तासांचं हाय!"

शेवटी विमलचे गहू मीच डोक्यावर घेऊन दुसऱ्या चक्कीवर गेली. रांगेतल्या बाया हसल्या, "चक्कीवाली इथं कशी वं?"

तुम्ही मिस्त्रीले काय विचारता? मी तर यापुढं एकच विचारीन, चक्की कवा सुरू होईल?