चौथ्या बाकावरचे पाळक

आमच्या चर्चचे पाळक बदलून नाशिकला गेले. नवे येईपर्यंत सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या मराठी मंडळीने हंगामी पाळक म्हणून आपल्यातलाच माणूस निवडला. तो माणूस मी. तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात ओरडून काम केलेलं. तिथे माझं चुकलेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. चर्चच्या शांततेत मात्र पहिल्याच वाक्याला वाचा बसेल, या धास्तीने आठवडाभर प्रार्थना घोकत होतो.

रविवारी दारातच मला हार घातला, टाळ्या झाल्या. आत गेलो आणि सवयीने थेट चौथ्या बाकावर, बायकोशेजारी जाऊन बसलो. घंटा झाली. सगळे गप्प. मीही पाळकांची वाट पाहत होतो. पहिल्याच दिवशी एवढा उशीर बरा नव्हे, असंही मनात आलं.

“अहो,” बायको कुजबुजली, “कोणाची वाट बघताय? हार तुमच्याच गळ्यात आहे!”

उठायला गेलो तर गुडघे ऐकेनात. शेवटी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली, डोळे मिटले आणि बसूनच प्रार्थना सुरू केली. आवाज कापत होता, पण निघाला. आमेन होईपर्यंत पायांत जीव आला आणि मी पुढे गेलो.

उपासना संपल्यावर एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, “आमच्यातच बसून सुरुवात केलीस भाऊ! किती रे नम्र तू!”

त्यांना खरं सांगणारच होतो. तेवढ्यात पुढचा रविवार आठवला.

“आजी,” मी म्हणालो, “दर वेळी तिथूनच सुरुवात करू ना?”