मन्हं हाड ल्या

मित्रांनो, आज नंदुरबारच्या दवाखान्यात माझ्या लेकीच्या मोडलेल्या पायात दुसऱ्याचं हाड बसवलं. एका माणसाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी ते दान केलं होतं.

रनाळ्याहून आलेल्या माझ्या नव्वदी ओलांडलेल्या आत्यानं विचारलं, "दुसरानं हाड लागस?"

मी हो म्हणालो, तशी ती रडायलाच लागली.

इंग्रजांच्या काळात माझा थोरला काका बैलगाडीवरून पडला. मांडीचं हाड वर्षभर जुळेना. त्याची ही धाकटी बहीण आपलं हाड द्यायला निघाली, डॉक्टरांना म्हणाली, "मन्हं हाड ल्या."

"आपल्याकडे तसं होत नाही, पोरी," डॉक्टर म्हणाले. पाय कापला. आठवड्यात काका गेला.

आज लेकीच्या पायावरून हात फिरवत आत्यानं विचारलं, "ज्यानं हाड शे, त्याले बहीण व्हई का रे?"

हाड देणाऱ्याला बहीण असेल का, तुम्ही काय सांगितलं असतं?