घुबडाचा दुसरा डोळा

दादा गेल्याचा फोन केतकीने केला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. केतकी त्याची नात. "आत्तेआजी, आजोबा गेले," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी निवडलेले तांदूळ डब्यात भरले, झाकण लावलं आणि मग चपला घातल्या. सख्ख्या भावाशी बोलणं टाकून मला एकवीस दिवस झाले होते. लालबागहून भोईवाड्याला चालत जायला मला अर्धा तास लागतो, पण त्या एकवीस दिवसांत मी ती वाट एकदाही धरली नाही. त्याने फोन केले, मी उचलले नाहीत. त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल पेपरच्या पुरवणीत चांगलं लिहायचं असतं, हे मला कळतं. चांगलंही लिहीन. पण घडलं तसं लिहीन.

भोईवाड्यात आमचा गणपतीचा कारखाना. बाबांनी काढला, दादाने चालवला. मी चौथीनंतर शाळा सोडून तिथे बसले, आणि लग्न होऊन लालबागला गेले तरी रोज येत राहिले. पितांबर, शेला, सोंडेवरची नक्षी, नखं, दागिन्यांचं सोनेरी काम... सगळं केलं, डोळे सोडून. बाबा वारले त्या वर्षी दादाने मला सांगितलं, "शाले, बाबा जाताना म्हणाले, घरातल्या बाईने आखणी करायची नाही." आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ती सगळ्यात शेवटी होते. ज्याने एक डोळा काढला त्यानेच पाटावरून न उठता दुसरा काढायचा, हा आमच्याकडचा नियम. हात बदलला की नजर बदलते. तर दादा आखणीला बसला की मी उठून चहा टाकायला जायची. दुसऱ्या कारखान्यांत बायका डोळे काढायला लागल्या, तेव्हा मी एकदा विषय काढला. "त्यांचं त्यांच्याकडे. आपल्याला बाबांनी घालून दिलंय," तो म्हणाला. बाबांचा शब्द म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. घरी मात्र जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डोळे काढत राहिले. पुढे दादाचा हात कापायला लागला, तेव्हा त्याने बाहेरून आखणीवाला आणला. मी शेजारच्या पाटावर बसले होते... मला तू काढ म्हणाला नाही.

माणूस कामाला पक्का होता, हे खरं. घाईत मूर्ती कधी कुणाला दिली नाही. रंग मनासारखा लागेपर्यंत जेवायला उठत नसे. कुणी "काय डोळे काढलेत!" म्हटलं की मान खाली घालायचा. मला तो साधेपणा वाटायचा.

गेल्या विसर्जनानंतर कारखाना रिकामा होता, तेव्हा केतकी एक गिटार घेऊन आली. वय सव्वीस, ऑफिसात मोठं काम, आणि हौस ही! काळी, प्लास्टिकची, व्हिडिओ गेम खेळायची. तारा नाहीत, दांड्यावर पाच रंगीत बटणं.

"तारा नाहीत तर वाजते कशी गो?" दादाने विचारलं.

"टीव्हीत वाजते, आजोबा. गाण्याबरोबर बटणं दाबायची. चुकलं की टीव्हीतले लोक ओरडतात."

"ओरडून घ्यायला टीव्ही कशाला? आमच्याकडे शाली आहे की."

तिला गिटारवर घुबड रंगवून हवं होतं. "घरात घुबड कुणी आणतं का?" मी म्हटलं. "मला आवडतं," ती म्हणाली, आणि दादाने लगेच पेन्सिल घेतली. आम्हा दोघांचा जन्म शाडू आणि प्लास्टरवर गेला. ते रंग पितं. आम्ही सवयीने गिटारला डिस्टेंपरचा पांढरा हात दिला आणि वर घुबड काढलं. केतकीने वाजवायला घेतली, तर अर्धं घुबड तिच्या ड्रेसवर उतरलं. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग केतकीने मोबाइलवर बघून सांगितलं तसं केलं. बटणांवर चिकटपट्टी लावली, चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपर घासला, प्रायमरचा स्प्रे मारून वाळू दिला, वर ॲक्रिलिक. पिसं मी काढली, एकेक करून, तीन दिवस. कारखान्यात इतकं हलकं मला पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

डोळ्यांची वेळ आली तशी मी चहाला उठले. मागून दादाचा आवाज आला, "केतकी, बस पाटावर. डोळे तू काढ."

मी दारातून वळले. "आणि बाबांचा शब्द?"

"अगं, प्लास्टिकचं घुबड ते. देव आहे का?"

"शब्द घरातल्या बाईसाठी होता. ही घरातली नाही?"

तो फडक्याने ब्रश पुसत बसला. मग म्हणाला, "बाबा तसं म्हणालेच नव्हते, शाले."

"मग काय म्हणाले?"

"आखणी शालीकडे दे म्हणाले. तिचा हात माझ्यासारखा आहे, म्हणाले..."

"आणि तू?"

"मी मोठा. डोळे तू काढले असतेस, तर मला कोण विचारणार होतं?"

केतकी ब्रश धरून आमच्याकडे बघत राहिली. मी पिशवी उचलली आणि निघाले. तीच आमची शेवटची भेट.

त्याने काम हिसकावलं, त्याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग वेगळा आहे. इतकी वर्षं मी बाबांवर रुसून होते. त्यांच्या श्राद्धाला पान वाढताना दरवर्षी मनात म्हणायचे, माझा हात तुम्हाला दिसला नाही का? त्यांना दिसला होता. त्यांनी माझ्यासाठी एकच वाक्य मागे ठेवलं होतं. ते दादाने गिळलं आणि त्यांच्या तोंडी खोटं घातलं.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर केतकी मला खाली कारखान्यात घेऊन गेली. गिटार पुढे ठेवली. घुबडाला एकच डोळा होता, डावा. रेघ थरथरलेली, पण हात दादाचाच. "मी नाही काढले, आत्तेआजी. तू गेलीस त्यानंतर आठवड्याने आजोबांनी हा काढला. म्हणाले, दुसरा शालीसाठी ठेव." तिचे डोळे भरून आले. माझ्या अंगाची आग झाली. एका नजरेला दोन हात लागत नाहीत, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आयुष्यभर सगळी आखणी स्वतःकडे ठेवली, आणि जाताना अर्धी देऊन गेला. तीही स्वतःच्या डोळ्याशेजारी.

"पांढरा रंग आण," मी म्हटलं.

"आत्तेआजी, त्यांचा शेवटचा आहे तो..."

"माहीत आहे. आण."

त्याच्या डोळ्यावर मी पांढऱ्याचे दोन हात दिले. वाळेपर्यंत त्याच्याच पाटावर बसून राहिले. मग दोन्ही डोळे काढले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कॅलेंडर सोडून पहिल्यांदा. डाव्याची वरची रेघ जरा जाड आली. उजवा मनासारखा आला. केतकीने नाक पुसलं, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे तर बघतंय गं."

गिटार तिची आहे, ती वाजवते. वाजवून झाली की कारखान्यात आणून दादाच्या पाटासमोरच्या खिळ्याला टांगते, मीच तसं सांगितलंय. डाव्या डोळ्यावरून बोट फिरवलं की खालून त्याच्या रेघेचा उंचवटा लागतो. पॉलिश पेपरने दोन मिनिटांत जाईल. फळीवर पेपर आहे. अजून घेतला नाही... बघू. बाहेरच्या आखणीवाल्याला मात्र येऊ नको म्हणून सांगून टाकलंय. यंदा त्या पाटावर मी बसणार. चहा कुणीतरी दुसरं टाकेल.