आढळून आले

धुळ्याच्या कार्यालयातल्या निकुंभसाहेबांच्या प्रत्येक वाक्याला शेवटी 'काय?' नावाचं बटण असायचं. "अहवाल म्हणजे अहवाल. काय? ती काही गोष्ट नव्हे. काय?" समोरच्याने मान हलवली की बटण लागायचं आणि साहेब पुढच्या वाक्याला लागायचे. त्या दिवशी प्रमिलाबाईंनी मान हलवलीच नाही. साहेब अडले. पुन्हा म्हणाले, "काय?"

"काही नाही," प्रमिलाबाई दातावर दात ठेवून म्हणाल्या. हातातल्या वीस पानांवर लाल शाईने इतक्या रेघा होत्या, की पानं खरचटल्यासारखी दिसत होती.

दोंडाईच्याच्या शिवणवर्गात त्या अकरा वर्षं हंगामी निदेशिका होत्या. जूनमध्ये नेमल्याचा कागद यायचा, एप्रिलमध्ये नेमणूक संपल्याचा. एक्क्याण्णव साली वरून परिपत्रक आलं: ज्यांना कायम व्हायचं असेल त्यांनी 'स्वतःच्या रचनाकार्याचा चिंतनपर संशोधन अहवाल' सादर करावा. काय घडवलं, कसं घडवलं, करताना काय उमगलं, ते लिहावं. सोबतच्या कुंदाबाईंनी पुस्तकातल्या फ्रॉकचा नकाशा उतरवला, खाली 'यातून मला खूप शिकायला मिळाले' असं लिहिलं आणि त्या मोकळ्या झाल्या. प्रमिलाबाईंकडे मात्र लिहिण्यासारखं होतं. त्यांनी कापूस वेचायची झोळी घडवली होती.

बाया कमरेला जुनं लुगडं बांधून कापूस वेचतात. ओझं सगळं कमरेवर येतं. प्रमिलाबाई बारा वर्षांच्या होईतो आईबरोबर वेचायला जात, आणि आई रांगेच्या टोकाला पोचली की कमरेवर हात ठेवून कशी उभी राहायची, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. म्हणून त्यांनी ओझं खांद्यावर घेणारी झोळी बेतली. पहिली झोळी गळ्यात अडकवायची होती. ती त्यांनी भिकुबाईला दिली. भिकुबाई वयाने साठीची, वेचणीला तिशीची आणि जिभेला सोळाची. तासाभरात झोळी परत.

"गयाले फास दिधा का झोयी दिधी व मास्तरीन? तू कधी कापूस येचेल शे का?"

हे त्यांना फार लागलं, कारण वेचला होता. दुसऱ्या झोळीला पाठीवर फुली मारणारे पट्टे लावले. खांदे खूश झाले. पण झोळी भरली की रिकामी करायला डोक्यावरून काढावी लागे, पदर सुटे, पट्टे अंबाड्यात अडकत. चौथ्या दिवशी भिकुबाईने पट्ट्यांशी झटापट केली, झोळीच्या सात पिढ्या उद्धारल्या, विळा घेतला आणि झोळीचं बूड टर्रकन फाडलं. कापूस खाली फडक्यावर. मग लुगड्याची एक चिंधी फाडून तिने ते बूड बांधलं आणि पुढच्या झाडाला लागली.

प्रमिलाबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. दोन मीटर मांजरपाट, दोन रात्रींची शिलाई, आणि ही बाई विळा घालते. दुसऱ्या दिवशी बांधावर उभ्या राहून पाहिलं, तेव्हा भिकुबाई चिंधी ओढत होती, झोळी आपोआप मोकळी होत होती, आणि डोक्यावरचा पदर जागचा हलत नव्हता.

"आते कशी खाली व्हस, देख," भिकुबाई म्हणाली. जिंकल्यासारखी नाही. आंधळ्याला रस्ता दाखवल्यासारखी.

तिसरी झोळी त्यांनी बुडाला नाडी घालूनच शिवली. त्या हंगामात गावातल्या बावीस बायांनी ती शिवून घेतली. अहवालात हे सगळं जसंच्या तसं होतं. 'माझी पहिली झोळी चुकली. दुसरीही चुकली. ती भिकुबाईने विळ्याने फाडली, तेव्हा मला कळले की मी खांद्यांचा विचार केला होता, हातांचा केला नव्हता.' लिहिण्याआधी भिकुबाईला विचारलं होतं. "मन्हं नाव लिखशी का त्यामा?" एवढंच तिने विचारलं. लिहीन म्हटल्यावर म्हणाली, "मंग मी शिव्या दिध्यात त्या बी लिखजो."

आणि आता निकुंभसाहेब लाल पेनाने दात कोरल्यासारखं करत समजावत होते. "अहवालात 'मी' नसतो. काय? चुका नसतात. शासन काय चुका वाचायला बसलंय? आणि ही भिकुबाई कोण?"

"तिने बूड फाडलं."

"तसं लिहायचं नाही ना. 'तळाशी छेद देणे सोयीचे असल्याचे आढळून आले.' बघा, कसं भारदस्त वाटतं. काय?"

"कुणाला आढळलं?"

"कुणाला नाही हो. आढळून आले. आपोआप."

आठ दिवसांनी टंकलेला अहवाल दोंडाईच्याला आला, तीन प्रतींत, फक्त सही करून धुळ्याला परत आणायचा. वीस पानांची सहा झाली होती. पहिली झोळी नव्हती. दुसरी नव्हती. भिकुबाईच्या जागी 'शेतमजूर स्त्रियांचे अभिप्राय' होते. प्रमिलाबाई होत्या, 'सदर निदेशिका' या नावाने, दोनदा. आणि पहिल्याच पानावर: 'सदर झोळीची रचना श्री. निकुंभ यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झाल्याचे आढळून आले.'

वर्गातल्या मुलींनी तो कागद वाचला होताच. दुपारपासून कुजबुज सुरू. "बाई, माझी सुई हरवल्याचे आढळून आले. काय?" "बाई, लताची बाही उलटी लागल्याचे आढळून आले. काय?" एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांनी कात्री टेबलावर अशी ठेवली, की सगळ्या मुली एकदम खाली मान घालून टाके घालू लागल्या. काम परत मिळेल न मिळेल, अकरा वर्षं ते जूनवर सोडलेलं होतं. पण साहेबांनी त्यांची झोळी उसवून स्वतःच्या मापाची केली होती. आणि बेतताना झालेली चूक लपवायची नाही, हे त्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवायच्या.

त्यांनी पेन घेतलं. अहवालात 'आढळून आले' चौदा ठिकाणी होतं. प्रत्येकापुढे, तिन्ही प्रतींवर, त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं. 'भिकुबाईस.' 'भिकुबाईस.' 'मला.' 'भिकुबाईस, विळ्याने.' असं करत तेरा झाले. चौदावं, मुद्दाम शेवटाला ठेवलेलं, साहेबांच्या मार्गदर्शनाचं. तिथे 'आले'च्या पुढे त्यांनी एकच शब्द घातला: 'नाही.' मग आपली वीस पानं, लाल रेघांसकट, मागे जोडली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या कार्यालयात त्या साहेबांच्या खोलीत गेल्याच नाहीत. थेट आवक-जावकच्या खिडकीशी. तिथले कारकून तोतारामभाऊ वाचत वाचत शिक्का मारायचे, ओठ हलवत. 'भिकुबाईस, विळ्याने'पाशी त्यांचे ओठ थांबले. पुढचं वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई, एकदा नंबर पडला की कागद मागे घेता येत नाही बरं."

"म्हणूनच इथे आले, भाऊ."

तोतारामभाऊंनी साहेबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग शिक्का शाईत दाबला आणि तिन्ही प्रतींवर मारला. एक प्रत पोच म्हणून बाईंना दिली.

शिक्क्याच्या आवाजानेच की काय, साहेब बाहेर आले. तोतारामभाऊंच्या हातून कागद घेतला, पहिलं पान वाचलं. मान खालून वर रंगत गेली.

"हे काय आहे? अं? याचा परिणाम काय होईल, कल्पना आहे तुम्हाला? काय?"

प्रमिलाबाईंनी पोच घडी करून पिशवीत ठेवली.

"आढळून येईल, साहेब," त्या म्हणाल्या, आणि साडेअकराच्या दोंडाईचा गाडीसाठी निघाल्या. पोच भिकुबाईला दाखवायची होती. एव्हाना ती चौथ्या रांगेला लागली असेल.