दोन जुन्यांचा काढा

हसनचाचांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी तिचा वास घेत. ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या प्रकल्पावर ते स्टोअरकीपर होते. वेल्डिंगची कांडी असो की पंपाचं सील, आधी हुंगायचं, मग विचारायचं, "ह्याचा नाव काय? नि ह्या करता काय?" मी नागपूरचा इंजिनिअर, पण त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाला माझी दांडी गुल व्हायची.

चाचा दापोलीकडचे. कॅम्पच्या नमाजखोलीत दुपारची अजान तेच देत, मोठ्या हौसेने. त्या उन्हाळ्यात वाऱ्याने धूळ उठवली आणि चाचांचा घसा कफाने धरला. डॉक्टरांनी छाती साफ असल्याचं सांगून गोळ्या दिल्या, तरी आवाज अर्ध्यावर तुटे. अजान दुसऱ्याकडे गेली. चाचांना कायमचं गावी परतायला दोन महिने उरले होते. "जायच्या आधी एकदा तरी पुरी द्यायची हाय, वानखडेसाहेब," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही, आणि मला काळजी वाटली.

आमचे चिनी फोरमन लिऊ यांनी आपल्या पेटीतून घशासाठी एका काढ्याची पुडी काढून दिली. चाचांनी अर्थातच उलटतपासणी घेतली. संत्र्याची वाळकी साल, एक कंद, पांढरी अळंबी आणि ज्येष्ठमध. ज्येष्ठमध त्यांनी वासावरूनच ओळखला. कंद कच्चा खाल्ला तर घसा खाजतो, असं लिऊ म्हणाले आणि चाचा उसळले, "अरे, ये तो हमारा सुरण! आमसूल डाला क्या?"

आमसूल म्हणजे काय ते लिऊंना कळेना. "खुजली को अदरक," ते म्हणाले. सुरणाला आमसूल न लावणारे लोक जगात आहेत, हे चाचांना पटायला दोन दिवस लागले.

काढ्याच्या चिनी नावाचा अर्थ 'दोन जुने'. साल आणि कंद जितके मुरलेले तितके गुणकारी. "म्हंजे मी नि लिऊ!" चाचा हसले. डॉक्टरांना विचारून रोज तोंड वाकडं करत ते काढा पिऊ लागले.

सप्टेंबरात आवाज मोकळा झाला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुरी अजान दिली. एका ओळीवर आवाज अडकला, पण त्यांनी तीच ओळ पुन्हा उचलली. मग त्यांनी थेट लिऊंना गाठलं. "सच बोलो, दवा से हुआ?"

लिऊ म्हणाले, "मालूम नहीं. धूल का हवा भी बंद हुआ."

चाचांनी त्यांना मिठीच मारली. "बघा साहेब, खरा बोलनारा मानूस!"

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा विमानात होते. अजान दुसऱ्याच कुणी दिली, स्वच्छ, कुठेही न अडकता. मी फाईल उघडी टाकून बसलो होतो आणि मला रडू आवरेना.